कुकरचं पान

माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला दोन गोष्टी लागायच्या: वीज आणि हांडेकाकांची परवानगी. वीज गेली तरी परत यायची. काकांची परवानगी एकदा गेली की गेली.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा मी आळेफाट्यावर एसटीडी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला चहाचं हॉटेल, समोरून नाशिककडे आणि नगरकडे जाणाऱ्या गाड्या. त्या काळात आसपासच्या गावांतली निम्मी पोरंपोरी कुठल्या तरी भरतीच्या मागे होती. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक, पोस्ट. एकाने गाइड घ्यायचं आणि दहा जणांनी त्याच्या झेरॉक्स काढायच्या, असा हिशेब. त्यातही हाताने लिहिलेल्या सामान्य विज्ञानाच्या नोट्सना मागणी फार. एक प्रश्न, एक ओळीचं उत्तर. पाठ करा आणि पेपरला बसा.

हांडेकाका सकाळी दहाला यायचे आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचे. कोणी नोट्स पुढे केल्या की कागद माझ्या हातात पडायच्या आधी त्यांच्या हातात. चष्मा कपाळावरून खाली. लाल पेन बाहेर. मग वाचन. आणि वाचताना हात एकदम वर जायचा.

"थांबा! मशीन बंद करा!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीनला आग लागली. मी मेन स्विच पाडला. काका शांतपणे म्हणाले, "ह्यानं लिवलंय, काजव्याच्या उजेडानं हात भाजतो. प्रत काढू नका."

काका हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. पोरं त्यांना सर म्हणायची, ते त्यांना चालायचं नाही. "सर न्हाई, परिचर. सर शिकवायचे, आमी परीक्षानळ्या धुवायचो." पण नळ्या धुता धुता तीस वर्षं कान उघडे ठेवले होते. अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात लाल पेन, पितळी नळीत जपलेला थर्मामीटर आणि एक लोहचुंबक. जाताना ते चुंबक दोरीला बांधून दुकानभर फिरवायचे आणि सांडलेल्या स्टेपलरच्या पिना गोळा करून द्यायचे. एवढ्यावर मी त्यांना स्टूल दिलं होतं, असं समजा.

त्यांना नुसतं उत्तर चालायचं नाही. उत्तर आलं की पुढचा शब्द ठरलेला: "कारण?"

पोरगं म्हणायचं, "गाडीच्या बाजूचा आरसा बहिर्वक्र."

"कारण?"

"गाइडात दिलंय."

"ते कारण न्हाई, ती चहाडी झाली. ऊठ."

आणि त्याला धरून शेजारच्या गॅरेजात न्यायचे, उभ्या ट्रकच्या आरशासमोर उभं करायचे. मागचा सगळा फाटा त्या एवढ्याशा आरशात मावलेला दाखवायचे. मग घरचा सपाट आरसा धरून फक्त एक टपरी दाखवायचे. हा सपाट आरसा ते खास घरून आणायचे. ट्रकवाला मागून ओरडायचा, "काका, मला नाशिक गाठायचंय!" काका त्यालाही विचारायचे, "आरशात मागची गाडी हाय त्यापेक्षा लांब दिसती. माहीत हाय ना?" तो म्हणायचा, "माहीत हाय म्हणून तर जित्ता हाय." काका खूश. म्हणायचे, "हा पास."

चहाच्या हॉटेलात तर त्यांची दहशतच. एकदा बर्फाच्या पाण्याचा ग्लास बाहेरून ओला झालेला दाखवून ते मालकाला म्हणाले, "ग्लास गळतोय तुझा." मालक तापला. "काल आणलाय राव नवा डझन!" त्याने ग्लास पुसला. परत ओला. दुसरा आणला. तोही ओला. तिसऱ्या ग्लासानंतर काकांनी त्याला हवेतल्या वाफेची गोष्ट सांगितली. मालक म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर?" काका म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तू इसरला असता."

हे सगळं ऐकायला मजेचं, पण धंदा माझा होता. गाडीची वेळ झालेली, हातात दहा पानं, आणि काका तिसऱ्या पानावर अडलेले.

"काका, सोडा ना, माझी एसटी चालली!"

"जाऊ दे. चुकीचं घिऊन पुण्यात पोचून काय करशील?"

गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "काका, मी कागदाची प्रत काढते. त्यावर काय लिहिलंय ते बघणं माझं काम नाही."

काका म्हणाले, "ताई, मलेरियाच्या डासाला इचारलं तर तो पन हेच म्हणंल. मी निस्ता चावतो, जंतूचं मला काय माहीत." थोडं थांबून म्हणाले, "आन् चावती ती मादीच असती."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर समोरच्या दुकानातून पोरं परत आलेली. "काकांची लाल सही असलेलं पान द्या." काका तपासलेल्या पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने छोटी टिकमार्क करायचे. त्या टिकमार्कला तालुक्यात किंमत आली होती. मग मी बोलायला लागले.

मशीनमधून निघालेलं पहिलं पान ते नेहमी पोराच्या गालाला लावायचे. "गरम का?" पोरगं दचकायचं. "आत काळी पूड असती. ती वितळवून कागदाला चिकटवाय उष्णता लागती. म्हणून. जरा येळानं गार. कारण?" असं सुरू झालं की मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

या सगळ्या तपासणीत त्यांचं एका गोष्टीकडे विशेष लक्ष असायचं. बाकी चुका ते वाटेत सापडल्या म्हणून दुरुस्त करायचे. खरा शोध प्रेशर कुकरचा. नोट्स हातात आल्या की आधी तेच पान उघडायचे. माझ्या ध्यानात आलं, पण मी विचारलं नाही. माणसाला एखादं खूळ असतं.

मग एकदा आणे गावची एक मुलगी आली. परकर-पोलक्यातून नुकतीच पंजाबी ड्रेसात आलेली, तलाठ्याची तयारी करणारी. तिच्याकडच्या नोट्स फार जुन्या होत्या, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षरं पुसट, कडा काळ्या.

"आमच्या आत्याच्या येळच्या हायेत," ती म्हणाली. "लई चांगल्या हायेत म्हणत्यात."

काकांनी पान उलटलं. हात वर गेला नाही. आवाज आला नाही. त्यांनी लाल पेन काढलं, दोन ओळींत दोन शब्द खोडले, दोन लिहिले आणि टिकमार्क न करता पान माझ्या हातात दिलं. मग उठले आणि गेले. चुंबक फिरवलं नाही. थर्मामीटरची पितळी नळी स्टुलावर राहिली.

मी पान पाहिलं. सतरावा प्रश्न: कुकरमध्ये अन्न लवकर शिजते, कारण पाण्याचा उत्कलनबिंदू... कमी होतो. अठरावा: उंच डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कारण पाण्याचा उत्कलनबिंदू... वाढतो. दोन उत्तरांची अदलाबदल झाली होती. काकांनी ती सरळ केली होती. आणि त्यांनी वर लिहिलेल्या लाल 'वाढतो'तला 'ढ' आणि खालच्या पुसट 'वाढतो'तला 'ढ' एकाच हाताचे होते. पोटात गाठ मारलेला 'ढ'. असा दुसरा कोणी काढत नाही. ज्या चुकीचा माग ते इतकी वर्षं काढत होते, ती त्यांची स्वतःची होती.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि थर्मामीटर द्यायला त्यांच्या घरी गेले. काका घरात नव्हते. काकू ओट्यापाशी होत्या, पातेल्यात तूरडाळ रटरटत होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "डाळीला अजून अर्धा तास हाय."

"कुकर नाही?"

"व्हता. पाच लिटरचा. ह्यांनी भाचीच्या लग्नात आहेरात दिला." त्या पळीने डाळ ढवळत राहिल्या. "शिट्टी ऐकवत न्हाई त्यांना."

मग सगळं कळलं. लग्नानंतर काकूंनी तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. वयाची अट संपत आलेली, ती शेवटचीच संधी. काकांनी शाळेतून आल्यावर रोज बसून त्यांच्यासाठी नोट्स लिहिल्या. शे-दीडशे प्रश्न, सुंदर अक्षरात. निकाल लागला तेव्हा काकूंचं नाव यादीत नव्हतं. थोडक्यात गेलं. काकांनी नोट्स परत काढून तपासल्या आणि त्यांना सतराव्या-अठराव्या प्रश्नातली अदलाबदल सापडली. तोवर नोट्स काकूंच्या मैत्रिणीने नेल्या होत्या, तिच्याकडून तिच्या भावाने, आणि मग फाट्यावर झेरॉक्सचं मशीन आलं.

"म्हणजे त्या एका चुकीमुळे तुमची नोकरी गेली?" मी विचारलं.

काकूंनी पळी खाली ठेवली. "ओ ताई, मी रोज त्या कुकरवर सैपाक करायची. शिट्टी काढताना वाफेनं बोट पोळायचं ते साध्या पान्यानं कधी पोळलं न्हाई. आत जास्त तापतंय, हे काय मला नोट्स वाचून कळनार? मी पेपरात बरोबर लिवलं व्हतं. दोनी."

"मग राहिलं कशात?"

"गनितात. टाकी आन् नळ. एका नळानं टाकी भरती, दुसऱ्या नळानं रिकामी व्हती, तर किती येळात भरंल. आमच्या आण्याच्या पठारावर टाकी व्हती, नळ व्हते, पानी कुठं व्हतं? मी तिथंच अडकले. म्हणलं, दुसरा नळ उघडा ठेवला कुनी, त्या येड्याला आधी धरा. त्यात पंधरा मिनटं गेली."

मी हसले. त्याही हसल्या.

"मग हे काकांना सांगा ना!"

"त्याच दिशी सांगितलं. नंतर धा येळा सांगितलं. ते म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून बोलतीस." त्यांनी डाळीचा एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. कच्चा. "म्हणतात, पुरावा? आता उत्तरपत्रिका कुठून आनू मी? सगळ्या जगाला कारण इचारनारा मानूस. मी सांगितलेलं कारण तेवढं त्येला पटत न्हाई."

काका दुसऱ्या दिवशी आले, थर्मामीटरची नळी पुन्हा खिशात. त्या मुलीची पानं मात्र त्यांनी पुसट होती म्हणून स्वतः नव्याने लिहून दिली. सतरा आणि अठरा दोनदा अधोरेखित.

पुढे दिवस बदलले. कॉम्प्युटरवर छापलेली पुस्तकं आली, पुण्यामुंबईचे क्लास आले, हाताने लिहिलेल्या नोट्स कोणी आणेना. माझ्याकडे सातबारा, रेशनकार्ड आणि आधी जन्माचे मग जातीचे दाखले यायला लागले. काका स्टुलावर बसून सातबारा वाचायचे. सातबाऱ्यात विज्ञान नसतं. मग ते एक दिवसाआड यायला लागले, मग आठवड्यातून एकदा, मग नाहीच. काकूंचा फोन आला. "दिवसभर खाटेवर असतात ओ. पंख्याकडं बघतात. जोरात फिरताना पाती का दिसत न्हाईत, एवढंच एकदा इचारलं मला. मी सांगितलं. कारण पन सांगितलं. तरी उठले न्हाईत."

मी भावनेच्या आहारी जाणारी बाई नाही. कागद वाया घालवणारी तर नाहीच. पण आण्याच्या त्या मुलीच्या जुन्या गठ्ठ्यातलं ते पान, काकांनी लाल शाई लावायच्या आधी, ते शेजारी चहा घेत होते तेवढ्यात, मी कडा किती काळ्या येतात ते बघायला एकदा मशीनवर टाकून पाहिलं होतं. ती चाचणीची प्रत खणात पडून होती. मी काकूंना फोन लावला. "काकांना सांगा, एक पोरगा कुकरचं पान घेऊन आलाय. प्रती मागतोय. मी थांबवलंय."

फोन ठेवला, समोरचं गिऱ्हाईक आटोपलं आणि खणातलं पान मशीनवर ठेवलं. खणात पडून ते पिवळं पडलं होतं; तेच हातात दिलं असतं तर काकांनी लगेच ओळखलं असतं. ताजी एक काढलेली बरी.

काका अपेक्षेपेक्षा लवकर आले. गॅरेजवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. चष्मा कपाळावर, लाल पेन हातातच. दारातूनच हात वर: "थांबा! मशीन बंद करा!"

"बंदच आहे, काका."

"पोरगा कुठंय?"

"गाडी सुटत होती. उद्या येतो म्हणाला."

मी पान पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, आणि थांबले. दोन्ही हातांत धरलं. मग हळूच गालाला लावलं.

मशीनमधून निघून त्याला मिनिटही झालं नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टेपलर उघडून त्यात पिना भरायला घेतल्या.

"पान गरम हाय," ते म्हणाले.

"उन्हात होतं. काउंटरवर."

बाहेर सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. ऊन कुठेही नव्हतं. काकांनी रस्त्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

"असंल," ते म्हणाले. "उष्णतेचं प्रारण. मधी ढग असले तरी थोडं पोचतं."

मग ते स्टुलावर बसले, पान गुडघ्यावर घेतलं आणि सतराव्या प्रश्नातला 'कमी होतो' सावकाश खोडला. अठराव्यातला 'वाढतो' खोडला. दोन्ही शब्द आपापल्या जागी लिहिले. बराच वेळ लावून. खिशातून चुंबक काढून माझ्या पायाशी सांडलेल्या दोन पिना उचलून दिल्या.

निघताना दारात थांबले.

"ताई, तो पोरगा उद्या नक्की येनार हाय ना?"

"येणार की," मी म्हणाले. "दहाला."