निकुंभ अप्पांचं मागचं दार

निकुंभ अप्पांनी मला माझं नाव विचारण्याआधी, मी पळणार कुठून ते विचारलं.

मिलमधला माझा पहिला दिवस होता. गुजरातेतल्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतली ही साड्या छापणारी मिल. तिच्या ऑफिसात पत्रं लिहायला आणि एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करायला मला ठेवलं होतं. मी खुर्चीत बसतो न बसतो तोच पन्नाशीतला एक किडकिडीत माणूस टेबलापाशी आला. त्याने नाकाने दोनदा हवा ओढली, माझ्या पाठीमागचं कागदांनी फुगलेलं कपाट बघितलं आणि अत्यंत काळजीने म्हणाला, "समज, आते आग लागनी. कथा पयशी?"

मी साताऱ्याकडचा. खानदेशातली अहिराणी तेव्हा कानाला नवी होती. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी अर्थ पुरवला: समज, आत्ता आग लागली, तर कुठं पळशील? मी दाराकडे बोट दाखवलं.

"अन् तठेच लागनी तर?"

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीला गज होते. माझा चेहरा बहुधा पडला असावा, कारण अप्पांचा एकदम उजळला. "हां," ते म्हणाले, "आते वयख व्हयनी." आता ओळख झाली.

अप्पा आमचे सेफ्टी ऑफिसर. कायद्याला मिलमध्ये एक सेफ्टी ऑफिसर लागतो, जशी मशीनला मोटर लागते. फरक इतकाच की मोटर चालावी अशी मालकाची अपेक्षा असते. अप्पांकडे रीतसर डिप्लोमा होता, एक पांढरं हेल्मेट होतं आणि कुणाच्याही सोयीचं नसलेलं एक मन होतं. आमचे मॅनेजर जिग्नेशभाई त्यांना पाठीमागे 'बीकण' म्हणायचे. गुजरातीत बीक म्हणजे भीती. खरं तर तोंडावरही म्हणायचे. अप्पांना त्यात अपमान वाटत नसे. आपल्या हुद्द्याचं हे बरोबर भाषांतर आहे असा त्यांचा समज असावा.

कारण ते खरोखरच भीत. बॉयलरला भीत, रसायनांच्या पिंपांना भीत, कँटीनमधल्या कुकरची शिट्टी वाजली की घास हातात धरून दुसरी शिट्टी होईपर्यंत थांबत. चहाच्या टपरीवरसुद्धा आधी सिलिंडरच्या नळीला हात लावून बघत, मग चहा सांगत. उधन्याला आमच्या एका कारकुनाचं लग्न होतं. अप्पा आहेर घेऊन स्टेजवर चढले, नवरा-नवरीच्या मागचा झिरमिळ्यांचा पडदा बोटांनी चोळून पाहिला, आणि फोटोग्राफर सगळ्यांना हसायला सांगत असताना नवऱ्याच्या कानाशी वाकले. त्यांनी काय विचारलं ते सांगायला नको. तो फोटो मी नंतर पाहिला. नवऱ्याच्या तोंडावर, हा प्रश्न आधी कसा सुचला नाही, असा भाव आहे.

अप्पा बमरोलीत एकटे राहत. बायको होती, मुलगी होती, पण दोघी तिकडे शिरपूरजवळच्या गावी. यावरून मिलमध्ये एक ठरलेली थट्टा होती: अप्पांच्या रोजच्या 'समज'ला कंटाळून बाई एक दिवस मागच्या दाराने पळाली. अप्पांच्या समोर कुणी हे म्हटलं की ते मान हलवून म्हणत, "पयनी ते बरं व्हयनं." पळाली ते बरं झालं. सगळे हसायचे. मीही हसलो आहे.

मी पुस्तकं वाचणारा माणूस, त्यामुळे मला एक खोड आहे. एवढी भीती पाहिली की तिच्या मागे एखादी जुनी जखम असणार असं मला वाटतं. एकदा चहाच्या वेळी मी हळूच विषय काढला. "अप्पा, तुम्ही कधी मोठी आग पाहिली का? कुणी जवळचं...?"

"नही."

"छोटी?"

"होळी," अप्पा म्हणाले. मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "आग लागालेच पाहिजे का भो?"

त्यानंतर मी त्यांच्या आयुष्यात जखम शोधायचं सोडून दिलं.

त्यांच्या सगळ्या भीतीचा मुक्काम शेवटी एकाच जागी पडे. फोल्डिंग खात्याचं मागचं दार. फोल्डिंग खातं म्हणजे लांबलचक शेड. तिथे बायका मांडी घालून साड्यांच्या घड्या घालतात, चाळीसेक असतील, बहुतेक खानदेशातल्या. चहूकडे छताला टेकलेले साड्यांचे ढीग. येण्याजाण्याला पुढचं एक दार, तेही माल भरलेल्या हातगाड्यांनी निम्मं अडलेलं. मागचं दार संकटात पळण्यासाठी. त्यावर धावणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र होतं आणि चित्राखाली शेठचं भलंमोठं कुलूप. तिथून साड्या चोरीला जातात अशी शेठची खात्री होती.

अप्पा रोज एकदा त्या कुलपाला हात लावून येत, आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा. "पॉलिस्टर नुसतं जळत नाही," त्यांनी मला एकदा सांगितलं, "ते वितळतं. अन् आंगले चिकटस." त्या दिवशी मी पॉलिस्टरचा शर्ट घातला होता. संध्याकाळपर्यंत तो मला टोचत राहिला. मग हळूहळू मलाही सवयी लागल्या. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसू लागलो. घरी झोपताना गॅसचा नॉब दोनदा बघू लागलो. अप्पा माणसाला भीती देत ती परत घेत नसत.

बायकांना मात्र ते वेगळ्या तऱ्हेने सांगत. "हाई दार तुमनी माय शे," म्हणत. "बाकी समदं सोडी जाई, हाई सोडाव नही." बाकी सगळं सोडून जाईल, हे सोडणार नाही. बायका घड्या घालता घालता हो-हो म्हणत.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर कळलं की फॅक्टरी इन्स्पेक्टर शनिवारी येणार. कसं कळलं ते विचारू नये. अशी पाहुणी मंडळी न कळवता येत नाहीत. मिलमध्ये लगीनघाई सुरू झाली. गोदामातून हेल्मेटं निघाली, त्यांवरची धूळ पुसली गेली. सूचनांचे नवे फलक लागले. शुक्रवारी संध्याकाळी मागच्या दाराचं कुलूप काढायचं आणि रविवारी परत लावायचं, असंही ठरलं. आम्हा सगळ्यांना एकच धास्ती, इन्स्पेक्टरला काही दिसेल. अप्पांना उलटी धास्ती, त्याला काही दिसणार नाही.

आणि इन्स्पेक्टर गुरुवारीच आला. गुरुवारी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडचे खानदेशी कामगार आपापल्या हत्यारांची पूजा करतात. कात्री, मापाचा गज, शिवणयंत्र, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावतात. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मी इन्स्पेक्टर साहेबांच्या मागे फायली घेऊन फोल्डिंग खात्यात शिरलो आणि फायलींसकट जागीच थांबलो.

बायकांनी मागच्या दाराची पूजा केली होती. धावणाऱ्या हिरव्या माणसाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, कपाळावर कुंकू. कडीला लाल धाग्याचे वेढे होते. कुलपालाही हळद लावली होती. उंबऱ्यापाशी नारळ, रांगोळी, आणि साड्यांच्या ढिगापासून हातभर अंतरावर तेवत असलेला तेलाचा दिवा.

अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. "इंदूबाई, हाई काय करं?"

इंदूबाई खात्यातली सगळ्यात जुनी बाई. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमीच सांगेल व्हतं ना अप्पा, हाई दार माय शे? मंग मायले हार नको?"

साहेबांनी दाराकडे बोट केलं. "खोलो."

जिग्नेशभाई नमस्कार करून पुढे झाले. इतके भाविक ते मला पूर्वी कधी दिसले नव्हते. "साहेब, पूजा थई गई छे. आजे हाथ न लगाडाय." आज हात लावायचा नसतो.

साहेब दमलेले होते. सकाळपासून त्यांची ही तिसरी की चौथी मिल. त्यांनी क्षणभर दाराकडे पाहिलं, नकळत स्वतःही हात जोडले, म्हणाले, "बराबर," आणि वळले. आमच्या सगळ्यांचा श्वास सुटला. अप्पांचा सोडून.

"साहेब." आवाज इतका बारीक होता की तो अप्पांचा आहे हे मला उशिरा कळलं.  गुजराती त्यांना चांगली येते, पण भीतीत माणसाला एकच भाषा आठवते. "साहेब, समजा, आते आग लागनी. तुमी कथा पयशात?"

"शुं कहे छे ए?" साहेबांनी मला विचारलं.

जिग्नेशभाई माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत माझी नोकरी होती, तिचा शेवटचा दिवस होता. 'काही नाही साहेब, दसऱ्याच्या शुभेच्छा देतोय,' असं म्हणणं शक्य होतं. वाक्य तयारही झालं होतं. पण भाषांतर करणारा मजकुराला जबाबदार नसतो, या एका भरवशावर मी अप्पांचा प्रश्न जसाच्या तसा गुजरातीत सांगितला.

साहेबांनी पुढच्या दाराकडे पाहिलं. दाराशी एक हातगाडी तिरकी अडकली होती. मग त्यांनी ढीग पाहिले. मग बायका. पंख्याच्या वाऱ्याने दिव्याची ज्योत ढिगाकडे झुकली, तशी एका बाईने सवयीने हाताचा आडोसा केला. पूजेचा दिवा विझू नये म्हणून; जागचा हलवणं तर दूरच. साहेबांच्या कपाळावर घाम आला. तो चेहरा मी ओळखला. पहिल्या दिवशी खिडकीचे गज बघताना माझा तसाच झाला असणार.

"चावी," ते म्हणाले.

चावी जिग्नेशभाईंकडे नव्हती. गेटवर नव्हती. शेठच्या ड्रॉवरमध्ये असावी, आणि शेठ बाहेर. शोधायला माणसं धावली. साहेब म्हणाले, उघडेपर्यंत मी इथेच उभा राहणार. मग आम्ही सगळेच उभे राहिलो. काहीच पेटलेलं नव्हतं, तरी पंखा फिरला की चाळीस डोकी ज्योतीकडे वळत. मला जळकट वास येऊ लागला, आणि तो खरा नाही हे माहीत असूनही जाईना. अप्पा रोज या वासात जगतात, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

शेवटी इंदूबाई उठली. तिने कडीवरचे धागे तोडले. "मायनी पूजा करीसन मायले कोंडतस का?" असं कुणालातरी, बहुतेक शेठला, विचारलं. आईची पूजा करून आईला कोंडतात का? आणि नारळ फोडायला आणलेल्या दगडाने कुलपावर घाव घालायला लागली. अप्पा "डोळा सांभाळ, डोळा सांभाळ" म्हणत आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवायला धडपडत होते.

कुलूप तुटलं. दार करकरलं, उघडलं, आणि गटाराच्या वासाचा भरपूर वारा आत आला. दिवा विझला. अपशकुन झाला असं कुणीही म्हणालं नाही.

साहेबांनी जाताना लेखी हुकूम दिला: या दाराला पुन्हा कुलूप दिसलं तर खातं बंद. शेठनी अप्पांना काढलं नाही, कायद्याला सेफ्टी ऑफिसर लागतोच. पण ऑफिसातलं त्यांचं टेबल उचलून त्या उघड्या दाराशेजारी ठेवलं. "निकुंभभाईने दरवाजो बहु गमे छे," शेठ म्हणाले. दार फार आवडतं ना, मग तिथेच बसा, साड्याही राखा. मोठ्या माणसांच्या शिक्षेत थोडा विनोद असतो, आणि त्यावर बाकीच्यांनी हसायचं असतं. अप्पा तेव्हापासून गटाराच्या तोंडाशी बसतात, पाठ बाहेर, तोंड आत. इतका सुखी सेफ्टी ऑफिसर मी पाहिला नाही.

मध्ये दोन दिवस अप्पांना ताप आला, म्हणून संध्याकाळी मी बमरोलीला गेलो. खोल्यांच्या दोन रांगा, पाठीला पाठ लावलेल्या. अप्पा खाटेवर होते. खाटेखाली चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. फोन आला. स्पीकरवर गावाहून बायकोचा खणखणीत आवाज.

"गोयी लिधी का?" गोळी घेतली का?

"लिधी. मागलं दार उघडं शे ना?"

"उघडंच शे. रोज कुत्रा येस घरमा! तुमी या, मंग लावसू." तुम्ही या, मग लावू.

अप्पांनी फोन उशाशी ठेवला.

मिलमधली ती थट्टा मला आठवली, आणि मी मागचं दार बघायला मान वळवली. तिथे भिंत होती. खोलीला खिडकीही नव्हती.

"तिन्ही जण व्हतूत आठे," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. तिघं होतो इथे. "माले झोप नही लागे. दोन दारनी खोली लई धुंडी. आपला पगारमा नही भेटनी. मंग मीच दोन्हीले गाव धाडी दिधं. तठे घरले मागलं दार शे." दोघींना त्यांनीच गावी धाडलं होतं, मागचं दार असलेल्या घरात.

काय बोलावं ते न सुचलं की माणूस उसनं बोलतो. "अन् समज, आत्ता आग लागली," मी म्हणालो, "तर तुम्ही कुठं पळाल, अप्पा?"

अप्पा तापातही हसले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"मी काय भो," ते म्हणाले, "एकला माणूसले एक दार पुरस."