उमरावजींची माकडटोपी

मुलीकडचे लोक घर पाहायला यायला निघाले होते आणि जागेश्वरच्या अंगणातल्या दोरीवर नऊ लंगोट वाळत होते.

जागेश्वरचं अजून लग्न व्हायचं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नवेगाव बांधजवळच्या एका प्राणी बचाव केंद्रात तो वनमजूर होता आणि आवारातच त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. विजेच्या तारेला चिकटून मेलेल्या माकडिणीचं पिल्लू महिन्यापूर्वी त्याच्या गळ्यात पडलं होतं. दर दोन तासांनी बाटली, मग पाठ थोपटणं, मग लंगोट! याआधीच्या दोन स्थळांनी "पोट्टा माकडाची आया आहे" म्हणून नाक मुरडलं होतं. केशोरी गावच्या निशावर मात्र त्याचा जीव जडला होता आणि तिलाही तो पसंत होता. फक्त तिच्या आईबापांचा होकार बाकी होता. म्हणून त्याने पिल्लाला पाजून आतल्या खोलीत टोपलीत निजवलं, बाहेरून कडी घातली आणि लंगोट काढायचे तेवढे विसरला.

निशाचे वडील उमरावजी डिसेंबरच्या थंडीत मोटरसायकलवरून आले. डोक्याला तपकिरी लोकरीची माकडटोपी होती. मागे बसलेल्या धुरपताबाईंची नजर उतरताउतरताच दोरीवर गेली.

"घरी लहान लेकरू आहे का जी?"

"नाई, मामीजी. भांडे पुसाचे फडके आहेत ते."

फडक्यांना नाड्या होत्या. बाई त्या नाड्यांकडे बघतच आत शिरल्या. पोह्यांच्या बश्या हातात पडतात न पडतात तोच जागेश्वरचा फोन वाजला. त्या फोनचा स्पीकर बिघडल्यामुळे पलीकडचं बोलणं नेहमीच अख्ख्या घराला ऐकू जायचं.

"जागेश्वर, पोरीची हगवण थांबली का?" केंद्राचे डॉक्टर विचारत होते. "आईविना लेकरू आहे. छातीशी धरून झोपत जा."

उमरावजींनी बशी खाली ठेवली. "कोनाची पोरगी?"

"मामाजी, तसं नाई..."

"मंग कसं? पहिल्या बायकोची पोरगी लपवून आमची पोरगी कराले निघाला का बे?"

तेवढ्यात आतून रडण्याचा बारीक आवाज आला. धुरपताबाईंनी तरातरा जाऊन कडी काढली.

पिल्लू दारात आलं. त्याने जागेश्वरकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मग उमरावजींकडे पाहिलं. तपकिरी, केसाळ, गोल! अखेर माय सापडली! धोतरावरून चढत ते थेट टोपीवर पोहोचलं आणि चारही पंजांनी तिला घट्ट बिलगलं.

"काढ बे याले!" उमरावजी ओरडले.

जागेश्वरने ओढून पाहिलं, तर पिल्लाने घर डोक्यावर घेतलं. टोपीसकट काढून खाली ठेवलं, तर आत डोकं नसलेली आई त्याला मान्य नव्हती. ते पुन्हा उमरावजींच्या अंगावर चढलं. शेवटी डॉक्टरांनाच फोन लावला.

"अजिबात ओढू नका! जोडीला दुसरं पिल्लू येतंय, आठ-दहा दिवसांत. तोवर त्यांच्याजवळच राहू द्या."

"मंग मी केशोरीले नेतो इले," उमरावजी म्हणाले.

"गेटबाहेर नेलं तर गुन्हा दाखल होईल, काका."

धुरपताबाई एसटीने एकट्याच घरी गेल्या.

पहिला दिवस शिव्याशापांत गेला. जागेश्वरने मुकाट्याने त्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी उमरावजींनी त्याच्या हातातून बाटली हिसकावली. "दूध गरम आहे ना बे! तोंड भाजन तिचं." चौथ्या दिवशी लंगोट बांधायला शिकताना ते मध्येच थांबले. "पाच लेकरं झाले मले. पर एकाचाई लंगोट नाई बदलला कधी," असं म्हणून त्यांनी नाडीची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली. जागेश्वरला त्या दिवशी त्यांची माया वाटली. पण लग्नाबद्दल ते अवाक्षर काढत नव्हते, आणि इकडे निशा फोनवर रोज तेच विचारत होती.

आठव्या दिवशी दुपारी त्याने धीर केला. उमरावजी अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. पिल्लू टोपीवर पसरलं होतं.

"मामाजी, आमच्या त्या गोष्टीचं काय ठरवलं? होय का नाई?" घाबरल्यामुळे त्याचा आवाज जरा चढलाच.

उमरावजींनी डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना, जवाईबापू! आत्ताच झोपली पोरगी."