नियंत्रण गटातले बाबा

टेबलावर सात अर्ज होते, तीन स्टॉपवॉच, त्रेचाळीस निकषांचा एक तक्ता आणि बुटांची एक कोरी जोडी. घरातल्या धाकटीने वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती आणि तिला जंगलाच्या सर्वेक्षणात नोकरी मिळत होती. अट एकच: दहा आठवड्यांनी तीन किलोमीटर वीस मिनिटांत धावून दाखवायचे. दोन जिने चढले की तिला धाप लागे. तेव्हा ट्रेनर नेमणे आले, आणि नेमणूक म्हटली की ती शास्त्रशुद्धच हवी.

पहिल्या आल्या त्या साठीच्या बाई. शाळेतल्या पोरांना पळवण्यात त्यांची हयात गेली होती.

"बूट घाल. अर्धा तास चालून येऊ, मग बोलू."

"पण आधी तुमची पद्धत सांगा ना."

"हीच."

धाकटीने 'संवादकौशल्य' या रकान्यात शून्य भरले.

उरलेल्या सहांचे कागद उत्तम होते. पण कागदावर काय, कुणीही धावतो. म्हणून सहाही जणांना तीन किलोमीटर पळवायचे ठरले. एकाच धावेवरून निष्कर्ष काढणे अडाणीपणाचे, म्हणून प्रत्येकी चार वेळा. शिवाय तुलनेसाठी नियंत्रण गट हवा, म्हणजे अजिबात व्यायाम न करणारा माणूस.

ताईने वर्तमानपत्राआडच्या बाबांकडे पाहिले. "तीस वर्षांचा अनुभव असलेला उमेदवार घरातच बसलाय की."

"मला यात ओढू नका," बाबा म्हणाले आणि बूट शोधायला उठले. पहिल्या दिवशी त्यांना चौतीस मिनिटे लागली, त्यातली पाच बाकावर गेली.

धाकटी रोज मैदानावर घडीची खुर्ची टाकून वेळ टिपू लागली. चौथ्या आठवड्यात एका उमेदवाराने वाऱ्याच्या दिशेबद्दल लेखी हरकत घेतली. हरकत रास्त होती. सगळ्या धावा पुन्हा झाल्या, बाबांच्याही.

"अगं, तू कधी पळणार?" ताईने विचारले.

"निवडीआधी मी पळाले तर माझी मूळ स्थिती बदलेल. मग ट्रेनरचं श्रेय कसं मोजायचं?"

आठव्या आठवड्यात बाबांनी दोन उमेदवारांना मागे टाकले. तिने अहवालात तळटीप दिली: नियंत्रण गट बिघडला आहे.

नवव्या आठवड्याच्या शेवटी निकाल लागला. पहिला क्रमांक मिळालेल्या उमेदवाराचा फोन आला. "मॅडम, तुमचा अहवाल एका क्लबला दाखवला, त्यांनी मला लगेच कामावर ठेवून घेतलं. इतकी पारख कोण करतं हो हल्ली."

ही दाद तिने ताईला दोनदा ऐकवली. मग तक्त्यात चव्वेचाळिसावा निकष जोडला: उमेदवार उपलब्ध आहे का. सहा दिवस उरले होते. ते नव्या निकषाला किती गुण द्यावेत हे ठरवण्यात गेले.

चाचणीच्या सकाळी हवा कोरडी होती, वारा नव्हता. वीस मिनिटे संपल्यावर तिच्या नावापुढे नोंद झाली: सातशे चाळीस मीटर, उरलेला वेळ बाकावर.