चार नंबरचा चेंडू

"तीस वर्षं बांबू वाकवतोय मी! त्या कोंबडीच्या अंड्याएवढ्या चेंडूला घाबरू होय?"

वाकिसाका तात्सुझोने जेवताना हे इतक्या जोरात म्हटलं, की बायकोच्या हातातली सुपाची वाटी हिंदकळली आणि टोफूचा तुकडा थेट चटईवर उतरला.

"आधी हा वाकून उचला," मिनेको म्हणाली. "चेंडूचं मग बघू."

गोष्ट जुनी आहे. ओसाकाला ते भलंमोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्या सालची. तेव्हा शहराबाहेर कालव्याच्या काठाने छत्रीच्या मुठी करणाऱ्यांची घरं होती. पहाटे तिथून जाताना जळक्या बांबूचा गोडसर वास यायचा. आता तिथे मोटारी उभ्या करतात. वासाचं नाव काढलं तर लोक पेट्रोलचा समजतात.

तात्सुझोच्या कारखान्यात एक लांबलचक शेगडी, तीन म्हातारे कारागीर आणि भिंतीवर वडिलांचा फोटो, एवढाच कारभार. बांबू आचेवर धरायचा, त्याला घाम फुटला की हळूहळू वाकवायचा. सगळा माल एकाच मोठ्या छत्री कंपनीला जायचा. पण कंपनीत नवे खरेदीप्रमुख आले होते, कुरामोची साहेब. त्यांच्या टेबलावर म्हणे प्लास्टिकच्या मुठींचे नमुने येऊन पडले होते. साहेब कोणाशी कचेरीत महत्त्वाचं बोलतच नसत. जे काय बोलायचं ते गोल्फच्या मैदानावर.

हे सगळं सांगितलं नोबोरूने. नोबोरू म्हणजे मिनेकोचा धाकटा भाऊ. शिवणयंत्रं विकायचा आणि गिऱ्हाइकांबरोबर इतका गोल्फ खेळायचा, की त्याचा डावा हात, हातमोजा घालून घालून, उजव्यापेक्षा गोरा झाला होता.

"दाजी, साहेबांना मी कसंबसं तयार केलंय. शरद ऋतूत खेळायला येतील. तोवर शिकून घ्या. नाहीतर शेगडीत पाणी ओता!"

"शेगडीचं नाव काढू नकोस," तात्सुझो म्हणाला. "माझ्या बापाने पेटवलेली आहे ती."

मग सुरू झालं शिक्षण! स्टेशनामागच्या इमारतीच्या गच्चीवर हिरवी जाळी लावलेली होती आणि जाळीच्या आत गळ्यात टाय बांधलेले पुरुष रांगेने उभे राहून चेंडू बडवायचे. दुरून बघणाऱ्याला वाटावं, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात काहीतरी साथ आली आहे. तात्सुझोने काठी हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, नखाने टिचकी मारून पाहिली.

"सरळ आहे, पण जीव नाही हिच्यात."

"दाजी, ती लोखंडाची आहे. मारा!"

त्याने मारलं. चेंडू जिथल्या तिथे राहिला आणि काठी सुटून शेजारच्या बँकवाल्याच्या चेंडूंच्या डब्याजवळ जाऊन पडली. बँकवाल्याने ती दोन्ही हातांनी परत दिली आणि अदबीने वाकून जागा बदलली.

पण माणूस चिकाटीचा! स्टेशनात गाडीची वाट बघताना छत्री उलटी धरून सराव करायचा. तेव्हा अर्धं स्टेशन तेच करत असे, त्यामुळे कोणी हसायचं नाही. फक्त एकदा एका आजीबाईंचं गाठोडं उडालं. कारखान्यात म्हातारे कारागीर जळक्या बांबूने दाखवायचे, "मालक, कंबर फिरवा, कंबर!" त्यांच्यापैकी एकानेही उभ्या जन्मात मैदान पाहिलेलं नव्हतं.

महिन्याभराने चेंडू पुढे जायला लागला. नोबोरूचा चेहरा पडला.

"दाजी, आता खरं शिकायचं. हरायचं कसं!"

"त्याला काय शिकायचं? ते मला येतंच."

"नाही येत. फार वाईट हरलात तर पाहुणा कंटाळतो. थोडक्यात हरलात तर घाबरतो. मधलं साधायचं. आणि तारीफ चेंडू हवेत असतानाच करायची. खाली पडल्यावर केली तर खोटी वाटते."

त्या दिवसापासून घरात तारिफेचा सराव चालू झाला. मिनेकोने तव्यावरची धिरडी उलटायला हवेत उडवली की मागून गर्जना, "वा, साहेब! काय फटका!" निम्मी धिरडी जमिनीवर. मिनेको म्हणाली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या हाताची तारीफ पहिल्यांदा ऐकली. तीही साहेबांच्या नावाने!"

तो दिवस उजाडला. मैदान डोंगरावर होतं. बरोबर नोबोरू, कुरामोची साहेब आणि साहेबांचा हाताखालचा माणूस इसेकी. काठ्यांच्या पिशव्या वाहायला पांढरा रुमाल बांधलेल्या एक बाई होत्या. साहेब उंच, ओठ मिटलेले, बोलणं मोजकं. सुरुवातीलाच तात्सुझोचे सगळे चेंडू एकामागून एक तळ्यात गेले. तळ्यातली बदकं किनाऱ्यावर येऊन बसली.

साहेब पहिल्यांदा हसले. "वाकिसाका, हे घ्या. माझे वापरा."

त्यांनी मूठभर चेंडू दिले. प्रत्येकावर लाल अक्षरांत 'कुरामोची' छापलेलं आणि मागे आकडा, चार. चार हा आकडा आमच्याकडे मरणाचा. इस्पितळात त्या नंबरची खोली नसते.

"डब्यात चारचे येतातच," साहेब म्हणाले. "मी एकशिवाय खेळत नाही. चारचे पडून असतात."

"माझ्यासारख्याला चारच बरे, साहेब," तात्सुझो म्हणाला आणि कमरेत वाकला.

पुढचं सगळं झकास चाललं. तात्सुझो मधलं मधलं हरत होता. साहेबांचा चेंडू हवेत असतानाच "वा!" म्हणत होता. एकदा तर चेंडू उडायच्या आधीच म्हणाला, आणि साहेबांची काठी नुसतीच गवतातून फिरली. तेवढं सोडलं तर साहेब खुश होते. चालता चालता म्हणाले, "तीस वर्षं खेळतोय मी. सगळ्यांचा होल इन वन झाला. एका फटक्यात चेंडू भोकात! माझ्या हाताखालच्या पोरांचासुद्धा झाला. माझा नाही."

"होईल, साहेब," इसेकी म्हणाला.

"तू गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

मग ती छोटी दरी आली. दरीच्या अलीकडून मारायचं, पलीकडे हिरवळ आणि भोकात रोवलेला झेंडा. पण खालून धुकं चढून आलं होतं, झेंड्याचं फक्त टोक दिसत होतं. साहेबांनी एक नंबरचा चेंडू ठेवला आणि मारला. धुक्यात गेला.

"वा!" तिघेही एकदम ओरडले.

नोबोरू आणि इसेकीने मारले. शेवटी तात्सुझो. त्याने काठी उचलली आणि का कोण जाणे, त्याला वडील आठवले. बांबू आचेवर धरला की बराच वेळ हट्ट करतो, आणि मग एका क्षणी हट्ट सोडतो. हाताला कळतं. तो क्षण कुणाला शिकवता येत नाही. त्याची काठी खाली आली आणि तोच क्षण तिथे, त्या ओल्या गवतात आला. हाताला काही लागलंच नाही. चेंडू पांढऱ्या धुक्यात पांढरा होऊन गेला.

"दाजी!" नोबोरू दात आवळून पुटपुटला. "एवढं चांगलं मारायचं नसतं!"

"चुकून लागलं रे."

पलीकडे गेले तर हिरवळीवर दोनच चेंडू, नोबोरूचा आणि इसेकीचा. शोधाशोध सुरू झाली. तात्सुझो मागच्या बांबूच्या झुडपात शिरला. बांबूत हरवलेली वस्तू शोधण्यात त्याचा हात कोण धरणार? पानांखाली चेंडू सापडला. त्याने उचलला. कुरामोची. मागे आकडा, एक.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. "इथे आहे! भोकात आहे! साहेबांचं नाव आहे!"

"साहेब!" इसेकी किंचाळला. "होल इन वन! साहेब, झाला!" तो लहान मुलासारखा नाचायला लागला. नोबोरू टाळ्या वाजवायला लागला. शेजारच्या हिरवळीवरचे अनोळखी लोकही टोप्या काढून ओरडायला लागले.

तात्सुझो झुडपातून बाहेर आला तेव्हा कुरामोची साहेब वाकून भोकातला चेंडू काढत होते. त्यांनी तो तळहातावर फिरवला. पाहिला. आणि मूठ मिटली.

मग त्यांनी वर पाहिलं. समोर तात्सुझो, त्याचीही मूठ मिटलेली.

साहेबांचा चेहरा असा झाला होता, जसा दुकानाच्या काचेला नाक लावलेल्या मुलाचा होतो. तात्सुझोच्या डोळ्यांपुढे शेगडी आली, तीन म्हातारे आले. त्याने मूठ खिशात घातली.

"अभिनंदन, साहेब! माझा मेला बांबूत सापडला!"

साहेबांचे ओठ हलले. "...हो का?" ते म्हणाले. एवढंच.

पिशव्यावाल्या बाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तात्सुझोकडे, आणि रुमाल सारखा करत खाली वाकून अभिनंदन केलं. कुणाचं, ते सांगितलं नाही.

घरी मिनेकोने शुभप्रसंगाचा लाल भात रांधला. नोबोरू तीनदा घेऊन म्हणाला, "दाजी, तुमच्या पायगुणाने साहेबांचं स्वप्न पुरं झालं! आता तुमची नातवंडंसुद्धा मुठीच वाकवणार!" तात्सुझो नुसता जेवत होता. दुसऱ्या दिवशी धुताना पॅन्टच्या खिशात मिनेकोला चेंडू सापडला.

"साहेबांचा चेंडू तुमच्या खिशात कसा?"

त्याने सांगितलं. मिनेको बराच वेळ पॅन्ट पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत होती.

"मग तो... तुमचा होता?"

"धुकं होतं," तात्सुझो म्हणाला. "कुणाला दिसलं?"

पण प्रकरण तिथे थांबतंय कुठे! आमच्याकडे एका फटक्यात चेंडू घातला, की नशिबाचा फार मोठा वाटा एकट्याने खाल्ला असं समजतात. मग तो वाटून टाकावा लागतो, नाहीतर उलटतो. साहेबांना मैदानात चेरीचं झाड लावावं लागलं, मेजवानी द्यावी लागली, सगळ्यांना भेटवस्तू द्यावी लागली. झाडाखाली नावाची पाटी लागली. मेजवानीच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत तो चेंडू ठेवला होता. नाव पुढे, आकडा मागे.

आणि कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं ठाऊक नाही, पण इसेकीने जाहीर केलं, "आता प्रत्यक्ष साक्षीदार, वाकिसाका, दोन शब्द बोलतील!"

नोबोरूने कोपर मारलं. "दाजी, संधी सोडू नका! हवेत असतानाची तारीफ करा!"

तात्सुझो उभा राहिला. भाषण त्याने पाठ केलं होतं, डोंगराएवढी साहेबांची थोरवी वगैरे. त्यातला एक शब्द आठवेना! मग त्याला तो क्षण आठवला, आणि तो आपोआप बोलायला लागला.

"बांबू आचेवर धरतात ना, तो आधी हट्ट करतो. फार जोर केला तर फुटतो. मग एकदम सोडतो. हाताला काही लागतच नाही. तो फटका तसा होता. मारणाऱ्याला वाटलं असेल, मी काही केलंच नाही. धुक्यात गेला आणि दिसेनासा झाला, तरी पायांच्या तळव्यांना कळलं असेल, की हा कुठेतरी बरोबर जाणार. आयुष्यात एकदाच लागतो असा. एकदाच. आणि लागला की माणसाला वाटतं, कुणाला तरी..."

तो थांबला. डोळे पुसायला लागला. लोकांना वाटलं, काय भक्ती आहे साहेबांवर! टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंनीही डोळे पुसले.

कुरामोची साहेबांनी मात्र हातातला पेला खाली ठेवला. त्यांनी उभ्या जन्मात बांबू वाकवलेला नव्हता. त्यांनी तात्सुझोकडे पाहिलं, आणि मग पुन्हा कधीच पाहिलं नाही. त्या संध्याकाळी नाही, आणि नंतर कचेरीत तात्सुझो भेटायला गेला तेव्हाही नाही. साहेब कायम कामात असत.

"हरायला शिकवलं होतं मी," नोबोरू कपाळ बडवत राहिला. "हरला होतात ना? मग चुकलं कुठे?"

तात्सुझोने त्याला कधी सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला इसेकी स्वतः आला. दारातच वाकला आणि वाकलेलाच राहिला. "या हंगामापासून मुठी प्लास्टिकच्या... साहेबांना यायला जमलं नाही. आणि ही भेट. सगळ्यांना दिली, तुमचीच राहिली होती."

लांबट खोक्यात छत्री होती. निळं कापड, काठाने सोनेरी अक्षरं: 'होल इन वनच्या स्मरणार्थ, कुरामोची.' मूठ पांढरी, चकचकीत, प्लास्टिकची.

"टाकून द्या ती कालव्यात!" मिनेको म्हणाली.

"कापड चांगलं आहे," तात्सुझो म्हणाला.

म्हातारे कारागीर एकेक करून काम सोडून गेले. शेगडी विझवायच्या दिवशी तात्सुझोने एक बांबू निवडला, आचेवर धरला, घाम फुटेपर्यंत थांबला आणि शेवटची मूठ वाकवली. प्लास्टिकची मूठ काढून ती त्या छत्रीला बसवली. मग शेगडीत पाणी ओतलं. वाफ वडिलांच्या फोटोपर्यंत गेली.

पुढे कितीतरी वर्षं तो पावसात तीच छत्री घेऊन निघायचा. एकदा टोफूवाल्याने गाडी थांबवून ती सोनेरी अक्षरं वाचली.

"अरे वा, वाकिसाका! तुम्ही गोल्फ खेळता? कधी बोलला नाहीत!"

"छे हो. एकदाच गेलो होतो."

"मग? कसं जमलं?"

तात्सुझोने वर छत्रीकडे पाहिलं. पाऊस वाजत होता. त्याने बांबूची मूठ जरा घट्ट धरली.

"एकच फटका बरा लागला होता," तो म्हणाला. "तोच चेंडू हरवला."