एका खिळ्यावरचा तक्ता

चष्मेवाल्यांनी प्रांत सोडायचं ठरवलं ते एका मंगळवारी, कारण त्या दिवशी त्यांची दोन्ही स्वातंत्र्यं एकदमच गेली. सकाळी नगरपालिकेचा माणूस येऊन सांगून गेला, की दुकानाच्या दारावर टांगलेला भलामोठा चष्मा रस्त्यावर वीतभर पुढे येतो, तो उतरवा. सायकलच्या दोन रिमा काळ्या रंगवून हा चष्मा त्यांनी स्वतः बनवला होता आणि त्याच्याकडे बघूनच गिऱ्हाईक आत येतं अशी त्यांची श्रद्धा होती. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून घरमालक खाली आले आणि सात वाजल्यानंतर क्लॅरिनेट वाजवायची नाही, असं सांगून वर गेले. म्हणजे सकाळी धंद्याचं स्वातंत्र्य गेलं आणि संध्याकाळी जिवाचं. मग माणसाने जगायचं तरी कशाला, असं चष्मेवाल्यांनी रात्री जेवताना विचारलं. भाजी मात्र दोनदा घेतली.

घरमालक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी त्यांचे नियम सुटले नव्हते. जिन्यात चपला नकोत, अंगणात गाडी धुवायची नाही आणि दुकानाच्या भिंतीत खिळा एकच. दुसरा ठोकला तर भिंत दुखावते, असं ते म्हणायचे. क्लॅरिनेटच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू घ्यायला हवी. चष्मेवाले तीन वर्षं एकच सूर लावत होते आणि तो अजून लागलेला नव्हता.

गिऱ्हाइकांसाठी बाकावर ठेवलेल्या जुन्या साप्ताहिकात त्यांना नेमका हवा तो लेख सापडला. बिऱ्हाड हलवण्याआधी निरनिराळे प्रांत वैयक्तिक आणि आर्थिक स्वातंत्र्याच्या कसोटीवर ताडून बघावेत, असं कुणा विद्वानाने लिहिलं होतं. ताडून कसं बघायचं ते पुढच्या पानावर होतं आणि ते पान कुणीतरी फाडून नेलं होतं. चष्मेवाल्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे दारावर हवा तेवढा चष्मा टांगता येणं आणि वैयक्तिक स्वातंत्र्य म्हणजे क्लॅरिनेट, अशी कसोटी त्यांनी उभ्या उभ्याच ठरवून टाकली.

बायको गाडी शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला मॅडम म्हणे. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो इतकी वर्षं मॅडमच्या पायाखाली होता, की घरात नवरा भरधाव सुटला तरी तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. तसा तो आताही दाबला गेला.

"तुलना करा की," ती म्हणाली. "तुलनेला काय पेट्रोल लागतंय? पण या महिन्यात आपला करार संपतोय. तुमचा प्रांत ठरेपर्यंत हेडमास्तरांशी वाकडं घेऊ नका. सही होऊ दे त्यांची. माझी शिकणारी माणसं इथे आहेत, आईंची खिडकी इथे आहे."

आई म्हणजे चष्मेवाल्यांची आई. मुलाने डोंगरी प्रांताचं नाव काढताच तिने "दुरून डोंगर साजरे" असं म्हणून तो निकालात काढला आणि तिथे संध्याकाळी आपल्याशी बोलणार कोण, एवढंच विचारलं. तो मुद्दा स्वातंत्र्यात बसत नाही, असं मुलाने समजावलं. मग तुझं स्वातंत्र्य तूच घेऊन जा, मी खिडकीत बसते, असं म्हणून ती खिडकीत जाऊन बसली.

चष्मेवाल्यांनी भिंगं पुरवणाऱ्या ओळखीच्या माणसांना प्रांतोप्रांती फोन केले आणि तक्ता तयार केला. जाड पुठ्ठा घरात एकच होता, तो म्हणजे डोळे तपासायच्या अक्षरांचा तक्ता. त्याची मागची बाजू कोरी होती. हाताला जन्माची सवय, त्यामुळे इथेही सगळ्यात वर ढब्बू अक्षरं आणि खाली ओळीगणिक बारीक, असंच लिहिलं गेलं. वर लिहिलं 'स्वातंत्र्य'. त्याखाली 'समुद्राकडचा प्रांत : कुणी कुणाला काही विचारत नाही'. मग 'डोंगरी प्रांत : कर कमी, पाटीला परवाना नको'. मग नदीकाठचा प्रांत, जिथे परवाने सोपे होते पण शेजारी चिकित्सक होते. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'आपला प्रांत : घरमालक सातनंतर क्लॅरिनेट बंद करतो आणि स्वतः रात्रभर घोरतो. घोरणं क्लॅरिनेटपेक्षा मोठं'.

लिहून झाल्यावर त्यांना फार मोकळं वाटलं. रात्री तक्ता खिळ्याला लावून ते समोर बसत आणि प्रांत न्याहाळत. सकाळी तोच पुठ्ठा उलटा केला, की दुकान सुरू. दुसरा खिळा असता तर दोन तक्ते वेगळे राहिले असते आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

एका सकाळी पुठ्ठा उलटायचा राहिला, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते हेडमास्तरच. त्यांना मॅडमनेच धाडलं होतं. हेडमास्तर या वयात गाडी शिकत होते आणि परीक्षा चार दिवसांवर आली होती. त्याआधी डोळे तपासून घ्या, असं तिने त्यांना बजावलं होतं.

खुर्चीत बसता बसता हेडमास्तर सहसा बोलत नसत ते बोलले. त्यांची बहीण दोन तासांच्या वाटेवर राहत होती. तिला भेटायचं तर भाच्याला फोन करावा लागे आणि भाचा म्हणे, बघू. "मी शेकडो पोरांना सुट्ट्या दिल्या," ते म्हणाले, "आणि आता मला बहिणीकडे जायला रजा मागावी लागते. एकदा परवाना हातात आला की कुणाला विचारणार नाही."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली, दिवा मंद केला, त्यांच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवली आणि सवयीप्रमाणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "हं, वरून वाचा."

"स्वातंत्र्य," हेडमास्तरांनी वाचलं.

चष्मेवाल्यांनी मागे वळून पाहिलं. तक्ता चुकून उलटा लागलाय, बदलतो, असं ते पुटपुटले. पण हेडमास्तरांनी त्यांना हातानेच थांबवलं. सुट्या अक्षरांपेक्षा अर्थपूर्ण मजकूर कधीही चांगला, आपण शाळेत जन्मभर हेच सांगत आलो, हाच राहू द्या, असं म्हणून ते पुढे वाचू लागले. समुद्राकडच्या प्रांताशी ते जरा थबकले. कुणी कुणाला काही विचारत नाही, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

चष्मेवाल्यांचा हात उत्तम होता, हीच आता पंचाईत झाली. प्रत्येक नव्या भिंगाबरोबर हेडमास्तर एक ओळ खाली उतरत होते. डोंगर झाला, नदी झाली. आता पुढचं भिंग कुठलं ते चष्मेवाल्यांच्या बोटांना ठाऊक होतं. बोटं पेटीतल्या त्या खाचेपर्यंत गेलीसुद्धा. पण डोळ्यांसमोर करार आला, आईची खिडकी आली, आणि बोटं भलतीकडेच वळली.

"आता कसं दिसतंय?"

"धूसर."

"आणि आता?"

"आणखी धूसर."

"म्हणजे नंबर बरोबर बसतोय," चष्मेवाले म्हणाले. "डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो."

"शेवटची ओळ मुळीच दिसत नाही."

"ती कुणालाच दिसत नाही. ती छापखान्याची जाहिरात असते."

हेडमास्तरांनी विश्वास ठेवला. डोळ्यांच्या बाबतीत चष्मेवाल्यांचा शब्द गावात शेवटचा होता आणि आजवर तो कधी खोटा ठरला नव्हता. दुसऱ्या दिवशी चष्मा तयार झाला. हेडमास्तरांनी तो डोळ्यांवर चढवला, दुकानाच्या पायरीवर जरा चाचपडले आणि सवय होईल, असं स्वतःलाच सांगत निघून गेले. चष्मेवाल्यांना दिवसभर चहा गोड लागला नाही.

संध्याकाळी मॅडम घरी आली ती लंगडतच. ब्रेक दाबून दाबून तिची पोटरी आखडली होती. हेडमास्तरांनी आज लाल दिवा कुठाय असं विचारलं होतं, आणि तेही दिव्याखालून जाताना. बागेच्या फाटकाला त्यांनी गल्ली समजून गाडी वळवली होती. बरं, गेल्या आठवड्यापर्यंत हाच माणूस गाडी सुतासारखी सरळ नेत होता.

"मग मी म्हटलं, जरा चष्मा काढा," मॅडम म्हणाली. "चष्मा काढला आणि गाडी लागली की रांगेला. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात संसार केलाय मी. हा नंबर तुम्ही काढलात?"

चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते आधी घरासाठी केलं म्हणाले, मग आईसाठी केलं म्हणाले. आई खिडकीतून वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते रागाचं होतं. म्हातारा रोज संध्याकाळी त्या खिडकीशी उभा राहून बहिणीच्याच गोष्टी सांगतो, हे तिने पहिल्यांदाच बोलून दाखवलं. "माझ्या खिडकीसाठी त्याचे डोळे घेतलेस होय रे?"

"उद्या बोलवा त्यांना," मॅडम म्हणाली. "गाडीत मी ब्रेक दाबीन. दुकानात तुम्हालाच दाबायला हवा."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी पहाटेच पुठ्ठा उलटला. अक्षरांची बाजू बाहेर आणि प्रांत भिंतीकडे. आता नंबर दुरुस्त करायचा, नवी भिंगं पदरची घालायची आणि नशीब असेल तर कुणाच्या काही लक्षात यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. हेडमास्तर जिना उतरायच्या आतच त्यांना घाम फुटला.

"हा तक्ता नको, परवाचाच लावा," हेडमास्तर बसल्या बसल्या म्हणाले. "परवा मी कुठवर आलो होतो ते मला माहीत आहे. प्रगती मोजायची तर प्रश्नपत्रिका बदलत नसतात."

तो तक्ता सापडत नाही, असं चष्मेवाले सांगू लागले.

"खिळा एकच आहे," हेडमास्तर म्हणाले. "मागच्या बाजूला असेल." ते उठले आणि त्यांनी स्वतः पुठ्ठा उलटवला.

आता पळवाट नव्हती. चष्मेवाल्यांनी पेटीतलं ते भिंग उचललं, जे त्या दिवशीच उचलायचं होतं. भिंग बरोबर बसलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वाचा."

हेडमास्तरांनी शेवटची ओळ खणखणीत आवाजात वाचली, शाळेत निकाल वाचावा तशी. आत आईने उशी सरकवल्याचं ऐकू आलं.

"त्या दिवशी मी मुद्दाम चुकीची भिंगं घातली," चष्मेवाले म्हणाले. "तुम्हाला ही ओळ दिसू नये म्हणून. करार नाही केलात तरी चालेल, पण या नंबरचा चष्मा घ्या. हा खरा आहे. पैसे नकोत."

हेडमास्तरांनी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली.

"मी घोरतो?" त्यांनी विचारलं.

"अहो, भांडी हलतात," आतून आई म्हणाली.

"आमची ही गेल्यापासून हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही," हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मग घसा साफ करून ते पुन्हा हेडमास्तर झाले. चुकीची भिंगं हा गुन्हा आहे आणि त्याबद्दल दारावरचा चष्मा चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हाताने वीतभर मागे घ्यावा, अशी शिक्षा त्यांनी सुनावली. घोरणं क्लॅरिनेटपेक्षा मोठं, हे विधान पुराव्याशिवाय आहे; तरी सातचे आठ करायला हरकत नाही, असंही ते म्हणाले. करारावर त्यांनी तिथेच सही केली, प्रत्येक ओळ वाचून. जाण्याआधी नाकावरच्या चाचणीच्या फ्रेममधूनच तक्ता आपल्या डायरीत उतरवून घेतला. तो कशाला, ते कुणी विचारलं नाही.

परीक्षेत ते पहिल्या खेपेला पास झाले. त्या दिवशी मॅडमला ब्रेकला पाय लावावा लागला नाही.

पुढच्या महिन्यात हेडमास्तर सामान बांधून खाली आले. दाराशी जुनी पण धुतलेली गाडी उभी होती. ती त्यांनी अंगणातच धुतली होती. बहिणीला घेऊन ते समुद्राकडच्या प्रांतात राहायला निघाले होते.

"तुमचा तक्ता फार अभ्यासपूर्ण होता," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. "मी आयुष्यभर एकाच गावात राहिलो. दुसरीकडे कसं असतं ते कधी ताडून बघितलंच नाही. वरच्या खोल्यांना भाडेकरू आता तुम्हीच बघा. नियम तुम्हाला पाठ आहेत." किल्ली त्यांच्या हातात ठेवून ते खिडकीशी गेले, आईला पत्र लिहीन म्हणाले आणि गाडी सरळ रेषेत घेऊन निघून गेले.

त्या रात्री चष्मेवाल्यांनी दहापर्यंत क्लॅरिनेट वाजवली. वरून कुणी काठी आपटली नाही. अकरालाही आपटली नसती. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिली. प्रांताचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आठवड्याने खोल्या बघायला एक गृहस्थ आले. बँकेत कॅशियर, स्वभावाने गरीब, भाडं आगाऊ द्यायला तयार. खोल्या त्यांना पसंत पडल्या. एकच छंद आहे, असं म्हणून ते जरा संकोचले. छंद ड्रम वाजवायचा होता.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"वाजवा की," ते म्हणाले. "माणसाला स्वातंत्र्य हवंच. फक्त सातनंतर नको. जिन्यात चपला नकोत. आणि भिंतीत खिळा एकच, दुसरा ठोकला की भिंत दुखावते."

मागे चहा पीत बसलेल्या मॅडमचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.