नमुना अ, नमुना ब आणि आत्याचं विरजण

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या मधल्या खोलीत होतं ते असं : टेबलं दोन, गेमिंग कॉम्प्युटर एक, त्याचा मॉनिटर एक, गेमिंग कन्सोल एक, त्याचा टीव्ही एक, वायरी एकोणीस, रिकामी जागा शून्य. सोमवारी आईची घरघंटी येणार होती. तिची रुंदी बावन्न सेंटिमीटर. म्हणजे एक टेबल उठणार आणि त्यावरचं यंत्र माळ्यावर जाणार, हे सरळ गणित होतं. मी सगळं मोजलं होतं. फक्त माळ्याची उंची मोजली नव्हती. माझं यंत्र तिथे जाणारच नव्हतं, मग कशाला मोजायची!

कॉम्प्युटर माझा. अडीच वर्षं एकेक भाग जमवून मी तो स्वतः जोडला. त्यात सहा पंखे आहेत. धाकट्या भावाचा, राजवीरचा कन्सोल म्हणजे दुकानातून आणला, वायर खोचली, झालं! आत पंखे किती, हेसुद्धा त्याला ठाऊक नाही.

"गेम सुरू होतोय न्हवं ताई? मग पंखं मोजून काय आरती ओवाळायची व्हय?"

मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे. मी वाद घालत नाही, चाचणी घेते. (जीवशास्त्र मी अकरावीतच सोडलं. त्यात सगळं अंदाजपंचे असतं.) कोणतं यंत्र राहणार हे ठरवायला मला निःपक्षपाती परीक्षक हवा होता आणि तो घरातच होता! कोडोलीची तानाबाई आत्या दोन दिवसांपूर्वी मुक्कामाला आली होती. म्हशी चार, गेमचा अनुभव शून्य.

मी कागदावर नियम लिहिले. कोणतं यंत्र कोणाचं हे परीक्षकाला कळू नये. निकष परीक्षकानेच ठरवावा. निर्णय अंतिम. निकष मी ठरवला असता तर तो पक्षपात झाला असता ना! दोघांनी सह्या केल्या. कागद फ्रिजवर चिकटवला. दोन्ही यंत्रांवर सोलापुरी चादरी टाकल्या आणि चिठ्ठ्या लावल्या : माझा 'अ', त्याचा 'ब'. दोन्हीकडे एकच फुटबॉलचा गेम लावला.

"आता काय करायचं गं?" आत्याने विचारलं.

"खेळायचं. मग कुठलं भारी ते सांगायचं."

आत्या 'अ'वर चार मिनिटं खेळली, स्वतःच्याच गोलात बॉल घातला आणि टाळ्या पिटल्या. मग 'ब'वर तेच केलं.

"फरक जाणवला?"

"जाणवला की! ह्या टीव्हीत गवत लई हिरवं हाय. म्हशी सोडाय पायजेत."

राजवीर फिस्सकन हसला. मला राहवेना. "आत्या, गवत नको बघू! 'अ'मध्ये सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं येतात, 'ब'मध्ये साठच!" (इथे मी स्वतःचा नियम मोडला. तशी नोंद केली.)

"सेकंदाला एवढी? आणि बघायला मला डोळं दोनच न्हवं!"

असं म्हणत ती उठायला लागली आणि आधारासाठी तिने 'अ'वर हात टेकला. मग 'ब'वर टेकला. मग पुन्हा 'अ'वर.

"आगं बया! ही दोन्ही ऊन हायत की! दोन दिस झालं, तुमच्या घरात थंडीनं दही लागंना झालंय. मटणासंगं दही-कांदा न्हाय म्हंजे काय जेवण हाय व्हय? ठरलं. ज्येच्यावर दही लागंल, ते भारी!"

"आत्या, हा काय निकष झाला?"

राजवीरने फ्रिजकडे बोट केलं.

मी आकडेमोड केली आणि हसूच फुटलं! माझा कॉम्प्युटर साडेचारशे वॅट खातो, त्याचा कन्सोल दोनशे. म्हणजे माझ्याकडे दुपटीहून जास्त उष्णता!

"राजा, तुझं टेबल आत्ताच रिकामं कर," मी म्हटलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन सारखे स्टीलचे डबे ठेवले. प्रत्येकी अर्धा लिटर कोमट दूध, एक चमचा विरजण, तापमान छत्तीस. राजवीर नेहमीसारखा फुटबॉल खेळत बसला. मी मात्र कंबर कसली. सगळ्यात अवजड गेम लावला, ग्राफिक्स टोकाला नेले, सहापैकी चार पंखे बंद केले आणि वर दुसरी चादर टाकली. उरलेले दोन पंखे गगनबावड्याचा घाट चढणाऱ्या एस.टी.सारखे ओरडू लागले.

दहा मिनिटांत शेजारचे गणपतराव खांद्यावर गव्हाचा डबा घेऊन दारात!

"आली व्हय घरघंटी? आवाजावरनं कळलं. पाच किलो हायत, बारीक दळा."

"काका, हा कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरवर बी दळतंय आता?"

"न्हाय पावणं," आत्या म्हणाली, "दही लावतोय आम्ही."

गणपतरावांनी डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बैठक मारली. "मग बघूनच जातो."

अकरा वाजता 'अ' सत्तेचाळीस अंश, 'ब' एकोणचाळीस. बारा वाजता 'अ' चोपन्न, 'ब' एक्केचाळीस. मी आकडे मतमोजणीसारखे ओरडून सांगत होते.

आई स्वयंपाकघरातून डोकावली. मटण शिजून तयार होतं. "स्नेहल, किती तापवतीस गं? विरजण हाय ते, आंघोळीचं पाणी न्हवं!"

"उष्णता जास्त, क्रिया जलद! हा नियम आहे, आई!"

आई आत गेली. तिने फिजिक्स कधी घेतलंच नव्हतं. मी पाचवा पंखाही बंद केला.

दोन वाजून दहा मिनिटांनी आत्याने आधी 'अ'चं झाकण काढलं. गणपतराव उठून उभे राहिले. तिने डबा तिरपा केला. आतलं दूध दुधासारखंच वाहिलं.

"मेलं बघ पोरी ह्येचं विरजण. भाजून मारलंस."

"मेलं म्हणजे?"

"जित्तं असतंय की ते! अंगाला सोसंल एवढीच ऊब लागती त्याला. एवढी शिकलीस आणि हे म्हाईत न्हाय?"

मग तिने 'ब' उचलला आणि सरळ उलटा धरला. राजवीरने डोळे मिटले. गणपतरावांनी शिट्टी मारली. मी घड्याळ लावलं, कारण काहीतरी मोजणं भागच होतं.

नमुना अ : साठ अंश, दही नाही.
नमुना ब : एक्केचाळीस अंश, दही घट्ट. डबा उलटा, अकरा सेकंद, सांडलेले थेंब शून्य.

"जेवायला वाढा," आत्या म्हणाली.

राजवीर शिडी घेऊन आला. दुसऱ्या हातात माझी मोजपट्टी होती. ती त्याने फार अदबीने पुढे केली.

जमिनीपासून माळ्यापर्यंत : दोन मीटर चोवीस सेंटिमीटर.