झुपकी खारीचं प्रॅक्टिकल

एका जंगलात, बाळांनो, सगळं बरं चाललं होतं. मग तिथं कॉलेज निघालं.

मोठ्या वडाखाली वर्ग भरायचे. झुपकी नावाच्या खारीनं पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलं. तिची आई म्हणाली, "अगं, शेंगा साठवायचं काहीतरी शिक. मन वाचून पोट भरतं का?"

"आई, तुला असुरक्षित वाटतंय," झुपकी म्हणाली. पहिलं व्याख्यान त्याच सकाळी झालं होतं.

सुरुवातीला जंगलाला फार कौतुक. जो भेटेल तो म्हणायचा, "मानसशास्त्र शिकतेस ना? मग माझ्या मनात काय चाललंय, सांग बघू." खरं म्हणजे कुणाच्या मनात फारसं काही चाललेलं नसायचं. पण विचारलं की सांगावं लागतं.

एकदा कासवमावशींनी घारीला बघून मान आत घेतली. झुपकीनं कवचावर टकटक केली.

"मावशी, लहानपणी तुमचं मन कुणी दुखावलं?"

"घार गेली का, ते बघ आधी," आतून आवाज आला.

झुपकीनं समजुतीनं मान डोलावली. विषय टाळणं हे तर ठळक लक्षण.

सरड्याला ती म्हणाली, तुला स्वतःची ओळखच नाही. तेव्हापासून बिचारा हिरव्या पानावर बसला तरी हट्टानं तपकिरी राहायचा, आणि भारद्वाज त्याच्याकडं फार प्रेमानं बघायचा. साळिंदराला तिनं जवळीकीची भीती लावून दिली. मोराला सांगितलं, इतकं मिरवावंसं वाटतं म्हणजे आतून रिकामं वाटतंय. मोर पिसारा मिटून बसला आणि लांडोर दुसरीकडं बघायला लागली.

हळूहळू झुपकी दिसली की वाट मोकळी होऊ लागली. तिला वाटलं, लोक मान देताहेत.

आणि मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली.

आता मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलची एक रीत असते, बाळांनो. बेडूक कापणाऱ्यांना कॉलेज बेडूक देतं. मन तपासणाऱ्यांनी मात्र आपलं गिऱ्हाईक आपणच आणायचं. त्याला पुस्तकात प्रयुक्त म्हणतात आणि मुलं सब्जेक्ट म्हणतात. त्यानं मानसशास्त्र शिकलेलं नसावं, एवढीच अट. सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष वाया.

झुपकी दारोदार फिरली. मावशींनी मान आत घेतली, आणि या वेळी घार नव्हती. साळिंदर म्हणालं, "मला जवळीकीची भीती आहे, तूच म्हणालीस." मोरानं तर पाठच फिरवली.

झुपकी फांदीवर बसून रडायला लागली. खोटं कशाला सांगू, मलाही तिची दया आली. आईला तोंड कसं दाखवायचं, हा एकच घोर तिला लागला होता.

"मी येऊ का?" वरच्या फांदीवरून कुणीतरी विचारलं.

तो बिबट्या होता. त्याचा पाय मुरगळला होता. शिकार जमत नव्हती आणि पोटात कावळे कोकलत होते. झुपकी दचकली.

"घाबरू नकोस. तू माझ्या दातालाही पुरायची नाहीस," बिबट्या म्हणाला. "सहज विचारतो, परीक्षा घ्यायला कोण येणार आहे?"

"बाहेरचे आहेत, काका. ओढ्यापलीकडचे बोकडसर."

"तब्येतीनं कसे आहेत?"

"चांगले भरलेले आहेत."

"येतो मी," बिबट्या म्हणाला. "शिक्षण ही मोठी गोष्ट आहे."

झुपकीनं शेपटीनं डोळे पुसले. तिनं मनातल्या मनात नोंद केली : स्वभाव परोपकारी.

बोकडसर खरोखर मोठे विद्वान. दाढीच सांगायची. भीती या विषयावर त्यांचा जाडजूड ग्रंथ होता, आणि बिबट्या त्यांनी फक्त त्यातल्या आकृतीत पाहिला होता. जगात दुष्ट कुणी नसतो, प्रत्येकाला फक्त एक बालपण असतं, असं त्यांचं मत होतं.

प्रयोग सोपा होता. झुपकीनं एक शब्द म्हणायचा, सब्जेक्टनं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा.

"झाड."

"शेळी," बिबट्या म्हणाला.

"पाणी."

"शेळी."

"आई."

"शेळीची का? तीही चालेल."

"मित्र."

बिबट्यानं बोकडसरांकडं पाहिलं. "रस्सा," तो म्हणाला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. झुपकीनं तेही टिपून घेतलं.

"निष्कर्ष सांगा," बोकडसर म्हणाले.

"सर, प्रयुक्त पुन्हा पुन्हा शेळीकडं वळतो. शेळी म्हणजे दूध, दूध म्हणजे आई. काकांना लहानपणी माया मिळालेली नाही."

बोकडसरांचे डोळे पाणावले. बिबट्याच्या पोटातून मोठा आवाज आला.

"पोरी," तो म्हणाला, "मला नुसती भूक लागली असेल, असं नाही का वाटत?"

"भूक दुसऱ्या वर्षाला आहे, काका."

"अभ्यासक्रमाबाहेरचं बोलू नका," बोकडसरांनी बिबट्याला दटावलं. त्यांनी झुपकीला पैकीच्या पैकी गुण दिले, खाली सही केली आणि शेवटचा प्रश्न विचारला. "प्रयुक्ताला आत्ता, या क्षणी कशाची गरज आहे?"

"मिठीची, सर."

"शाबास," बोकडसर म्हणाले. ते उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी बिबट्याच्या गळ्यात गळा घातला.

मिठी बराच वेळ चालली.

संध्याकाळी वडाखाली शोकसभा झाली. झुपकीच चांगलं बोलली. "सरांना नाही म्हणता येत नव्हतं," ती म्हणाली. "याचं मूळ बालपणात असणार." सगळ्यांना पटलं. कासवमावशींनी तर काहीच न ऐकता मान डोलावली.

घरी आईनं गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "कार्टे, त्या मेल्याला भूक लागली होती," ती म्हणाली.

"आई, तू मानसशास्त्र शिकली नाहीस ना," झुपकी मायेनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिबट्या पेढ्यांसाठी म्हणून आला. त्यानं पेढा काही घेतला नाही. पोट भरलेलं होतं.

"पुढच्या वर्षीही येईन म्हणतो," तो म्हणाला. "परीक्षक कोण, कळलं का?"

"मेंढेसर आहेत म्हणे, काका."

"नीट अभ्यास कर हो," बिबट्या म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

तात्पर्य : नेमलेल्या पुस्तकात नसेल ते ओळखू नये. झुपकीनं भूक ओळखली असती, तर तिचं अख्खं वर्ष वाया गेलं असतं. बोकडसरांचं काय, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.